दीर्घिकेचे वजन, तिच्याच भिंगातून: गुरुत्वीय भिंग वापरण्याची सविस्तर पद्धत

एखाद्या दीर्घिकेचे वस्तुमान काढायचे म्हटले की आधी काहीतरी गृहीत धरावे लागते. ताऱ्यांच्या प्रकाशावरून काढले, तर कोणत्या जातीचे तारे किती आहेत हे गृहीत. ताऱ्यांच्या वेगावरून काढले, तर त्यांच्या कक्षा कशा आहेत हे गृहीत. कृष्णपदार्थ तर थेट दिसतच नाही. गुरुत्वीय भिंग या सगळ्या अडचणींना वळसा घालते. मागून येणारा प्रकाश वाटेतल्या दीर्घिकेजवळून जाताना किती वाकेल, हे तिथे एकूण वस्तुमान किती आणि कसे पसरलेले आहे यावरच ठरते. ते वस्तुमान चमकते की अंधारात आहे, याने काही फरक पडत नाही.

आकाशातल्या एका चित्रापासून आकड्यापर्यंत कसे पोहोचायचे, ते इथे पायरीपायरीने मांडतो. पदवीच्या पातळीचे भौतिकशास्त्र आणि थोडे पायथॉन येत असेल तर सगळे स्वतः करून पाहता येईल. एक सवय मात्र पहिल्यापासून लावून घ्या. भिंग एकच गोष्ट फार खात्रीने सांगते, ती म्हणजे मागच्या पिंडाच्या वाकलेल्या प्रकाशाने दीर्घिकेभोवती बनणाऱ्या वलयाच्या आतले एकूण वस्तुमान. त्यापुढच्या प्रत्येक उत्तरात आपली काही गृहीतके मिसळतात. म्हणून प्रकाशाने काय सांगितले आणि आपण काय धरून चाललो, याच्या दोन वेगळ्या नोंदी ठेवा.

थोडी पार्श्वभूमी

सूर्याच्या कडेला घासून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) वाकतो. १९१९च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजले. एखादा तारा दुसऱ्या ताऱ्यासाठी भिंग होऊ शकतो, हे आइन्स्टाइननी १९३६मध्ये लिहिले, पण ते प्रत्यक्ष दिसण्याची त्यांना फारशी आशा नव्हती. पुढच्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी यांनी ताऱ्यांऐवजी दीर्घिकांकडे बोट दाखवले. दीर्घिका एवढ्या जड असतात की प्रतिमा एकमेकींपासून सुट्या दिसतील, त्यांवरून दीर्घिकेचे वस्तुमान काढता येईल आणि एरवी न दिसणारे दूरचे पिंडही दिसतील, असे त्यांनी मांडले. आज आपण हेच करतो. पहिले उदाहरण सापडायला मात्र १९७९ उजाडले. वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना क्यू ०९५७+५६१ हा क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा) सुमारे ६ विकलांच्या अंतराने दोनदा दिसला.

पायरी १: उमेदवार शोधा

चांगले भिंग बहुधा मोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका असते. तिचे वस्तुमान जास्त आणि केंद्राकडे एकवटलेले असते. शिवाय ती पिवळट-तांबूस दिसते, त्यामुळे तिच्याभोवतीची निळसर चाप किंवा ठिपके उठून दिसतात. म्हणून रंगीत चित्रांत आधी हाच विरोध शोधायचा: मधोमध गुळगुळीत तांबूस गोळा, आणि केंद्रापासून १ ते २ विकलांवर त्याला वळसा घालणारी निळी रेघ. डेसी लेगसी इमेजिंग सर्व्हेजची चित्रे कुणालाही पाहता येतात आणि सरावाला उत्तम आहेत. जमिनीवरच्या दुर्बिणीतून प्रतिमा सुमारे १ विकला पसरते, त्यामुळे लहान वलये त्यात विरघळून जातात, एवढे ध्यानात ठेवा.

दुसरा मार्ग वर्णपटाचा, आणि मला तो जास्त देखणा वाटतो. स्लोन सर्व्हेने लाखो दीर्घिकांचे वर्णपट ३ विकला व्यासाच्या प्रकाशवाहक तंतूंतून घेतले. एखाद्या जवळच्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या वर्णपटात, तिच्याशी न जुळणाऱ्या जास्त ताम्रसृतीच्या (ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे रेषांचे लाल टोकाकडे सरकणे; ती जितकी जास्त तितका पिंड दूर) तेजस्वी रेषा दिसल्या, तर त्याच तंतूत मागची दुसरी दीर्घिकाही आली असली पाहिजे. अशा जोड्या निवडून त्यांच्याकडे हबल दुर्बीण वळवायची, या युक्तीने ‘स्लॅक्स’ प्रकल्पाने डझनावारी भिंगे शोधली. या वाटेचा मोठा फायदा असा की दोन्ही ताम्रसृती सुरुवातीलाच हातात येतात.

युक्लिड अंतराळ दुर्बिणीमुळे आता चित्रच बदलते आहे. एनजीसी ६५०५ ही दीर्घिका एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती. तिच्याभोवती पूर्ण आइन्स्टाइन वलय आहे, हे युक्लिडच्या चित्रांतून फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात या दुर्बिणीच्या पहिल्या माहितीसंचातून सुमारे ५०० उमेदवार पुढे आले. इतक्या चित्रांची पहिली चाळणी संगणक करतो, पण शेवटचा निवाडा अजूनही माणसाच्या डोळ्यांचा असतो.

पायरी २: खोटी भिंगे बाजूला काढा

इथे घाई करू नका. आकाशात वलये आणि जोड्या इतर कारणांनीही तयार होतात. ‘होगचा पिंड’ हे याचे नावाजलेले उदाहरण. पिवळा गाभा, भोवती निळे वलय, पाहताक्षणी भिंगच वाटावे असे रूप. पण गाभा आणि वलय दोघांची ताम्रसृती एकच आहे, म्हणजे ती एकच वलयाकार दीर्घिका आहे. सीएसएल-१ या जोडीची कथाही अशीच. २००३मध्ये ती वैश्विक तंतूने (विश्वारंभापासून उरला असावा अशा, अजून न सापडलेल्या जड धाग्याने) घडवलेली दुहेरी प्रतिमा असावी असे सुचवले गेले. २००६मध्ये हबलच्या चित्रांनी दाखवले की त्या शेजारी असलेल्या दोन खऱ्याखुऱ्या दीर्घिका आहेत.

मी स्वतः चार प्रश्न याच क्रमाने विचारतो. चाप केंद्राकडे वळलेली आहे का? तिच्या समोरच्या बाजूला, केंद्राच्या थोडी जवळ, दुसरी प्रतिमा आहे का? दोन्ही प्रतिमांचा रंग तोच आहे का? भिंगाची आणि मागच्या पिंडाची ताम्रसृती वेगळी आहे का? पहिल्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर सर्पिल दीर्घिकेचा एखादा हातसुद्धा ‘हो’ असे देऊन फसवू शकतो. चौथ्यात तो सापडतो. रंग सारखा का असावा? गुरुत्वाकर्षण सगळ्या तरंगलांबींना सारखेच वाकवते. मात्र भिंगातल्या धुळीने एखादी प्रतिमा तांबूस होऊ शकते, त्यामुळे थोड्या फरकावरून उमेदवार लगेच बाद करू नका.

पायरी ३: वलय मोजा, वस्तुमान काढा

सगळ्यांत समाधान देणारी पायरी ही. लागतात फक्त तीन गोष्टी: वलयाची त्रिज्या विकलांत, भिंगाची ताम्रसृती आणि स्रोताची, म्हणजे मागच्या पिंडाची, ताम्रसृती. त्रिज्या मोजण्याआधी भिंगाच्या प्रकाशाचे गुळगुळीत प्रारूप बसवून तो चित्रातून वजा करा, नाहीतर आतली प्रतिमा त्या झगमगाटात हरवते. वलय पूर्ण नसेल आणि दोनच प्रतिमा असतील, तर त्यांच्यातल्या अंतराचे निम्मे ही त्रिज्येची चांगली पहिली अटकळ.

आता अंतरे. इथे कोनीय व्यास अंतर (पिंडाचा खरा आकार भागिले आकाशात दिसणारा त्याचा कोन) वापरायचे असते आणि त्यातच बहुतेकांची पहिली चूक होते. एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. भिंगाची ताम्रसृती ०.२, स्रोताची ०.६, वलयाची त्रिज्या १.२ विकला. हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, ७० आणि पदार्थाचा वाटा एकूण घनतेच्या ०.३ धरून सपाट विश्वासाठी ॲस्ट्रोपाय ही संगणकप्रणाली सांगते की भिंग ६८१ मेगापार्सेकवर (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे) आहे आणि स्रोत १३७९ मेगापार्सेकवर. मग त्या दोघांमधले अंतर ६९८ का? तर नाही, ते ८६८ आहे. कोनीय व्यास अंतरांची सरळ वजाबाकी चालत नाही. आधी सहगामी अंतरांची, म्हणजे विश्वाच्या आजच्या मापात काढलेल्या अंतरांची, वजाबाकी करायची (२२०६ वजा ८१७, म्हणजे १३८९) आणि मग तिला ‘१ अधिक स्रोताची ताम्रसृती’, म्हणजे १.६ने भागायचे.

पुढचे सूत्र पाठ व्हावे इतके सोपे आहे. भिंगाचे अंतर गुणिले स्रोताचे अंतर, भागिले दोघांमधले अंतर. ही संख्या हजार मेगापार्सेकच्या मापात लिहा. तिला त्रिज्येच्या विकलांच्या वर्गाने गुणा. आलेल्या संख्येला १२३ अब्जांनी गुणले की वलयाच्या आतले वस्तुमान सूर्यांच्या मापात मिळते. आपल्या उदाहरणात १.०८ गुणिले १.४४ गुणिले १२३ अब्ज, म्हणजे सुमारे १९० अब्ज सूर्य. हे सगळे आपल्याकडून पाहताना सुमारे १३ हजार प्रकाशवर्षे त्रिज्येच्या वर्तुळात दिसणारे वस्तुमान आहे. दृष्टिरेषेवर पुढे-मागे जे काही आहे तेही त्यात आले, त्यामुळे हा आकडा गोलाच्या आतला समजू नका.

यात गृहीत किती धरले? दीर्घिकेच्या रचनेबद्दल जवळजवळ काहीच नाही. त्रिज्येत २ टक्के चूक झाली तर वस्तुमानात ४ टक्के होते, कारण तिचा वर्ग येतो. हबल स्थिरांक ७०ऐवजी ७३ घेतला तर वस्तुमान सुमारे ४ टक्क्यांनी उतरते. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचे वस्तुमान इतक्या खात्रीने सांगता यावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

पायरी ४: ताऱ्यांच्या वेगाशी पडताळा

वस्तुमान केंद्रापासून अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होत जाते असे मानले, तर त्याच त्रिज्येवरून ताऱ्यांच्या वेगांचा विस्तारही (ते सरासरीभोवती किती पसरलेले आहेत ते) काढता येतो. सेकंदाला २५० किलोमीटर विस्तार असलेल्या दीर्घिकेसाठी वलयाची त्रिज्या १.८ विकला, गुणिले ‘दोघांमधले अंतर भागिले स्रोताचे अंतर’ एवढी येते. आपल्या उदाहरणात उलटे गणित केले की सेकंदाला सुमारे २५७ किलोमीटर मिळतात. या उत्तरात हबल स्थिरांक येतच नाही, कारण अंतरांचे फक्त गुणोत्तर उरते.

आता वर्णपटातल्या रेषांच्या रुंदीवरून मोजलेला विस्तार याच्याशी ताडून पाहा. जवळ आला तर घनतेचे हे साधे प्रारूप चालते. स्लॅक्सच्या भिंगांत सरासरी घनता अंतराच्या २.०८व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात उतरताना दिसली, म्हणजे वर्गाच्या अगदी जवळ. तारे आणि कृष्णपदार्थ यांपैकी एकटे कोणीही असे वितरण दाखवत नाही, दोघांची बेरीज मात्र दाखवते. असे का, हा दीर्घिकांच्या जडणघडणीतला अजूनही रंगतदार प्रश्न आहे.

पायरी ५: तारे किती, कृष्णपदार्थ किती?

इथून गृहीतकांचा वाटा वाढत जातो. वलयाच्या आतला प्रकाश मोजा, रंगांवरून ताऱ्यांचे वस्तुमान काढा आणि एकूणातून वजा करा. ऐकायला सोपे आहे. पण लहान, मंद तारे किती असतात याबद्दलची दोन प्रचलित प्रारूपे आहेत, साल्पीटर आणि शाब्रिए, आणि त्यांच्या उत्तरांत सुमारे पावणेदोन पट फरक पडतो. समजा शाब्रिए प्रारूपाने ताऱ्यांचे वस्तुमान १०० अब्ज सूर्य आले, तर आपल्या १९० अब्जांत कृष्णपदार्थ जवळजवळ निम्मा. साल्पीटर घेतले तर तारेच १७५ अब्ज आणि कृष्णपदार्थ जेमतेम ८ टक्के. भिंग तेच, वलय तेच, तरी उत्तरात एवढी तफावत. म्हणून ‘या दीर्घिकेत इतके टक्के कृष्णपदार्थ’ असे वाक्य लिहिताना ताऱ्यांचे कोणते प्रारूप वापरले हे त्याच वाक्यात लिहावे, असा माझा आग्रह आहे.

पायरी ६: पूर्ण प्रारूप बसवा

प्रतिमांच्या जागांपुरते न थांबता चित्राचा प्रत्येक पिक्सेल वापरायचा असेल तर लेन्सट्रॉनॉमी, पायऑटोलेन्स किंवा ग्लॅफिक यांपैकी एखादी मोफत प्रणाली घ्या. सुरुवात लंबवर्तुळाकार वस्तुमानापासून करा. त्यात ‘बाहेरचा शिअर’, म्हणजे शेजारच्या दीर्घिकांची ओढाताण, जरूर मिसळा; चार प्रतिमांची भिंगे त्याशिवाय क्वचितच नीट बसतात. स्रोतासाठी आधी एकच साधे प्रारूप घ्या, गुंतागुंत नंतर वाढवा. दुर्बिणीच्या बिंदुप्रसाराचे चित्र (एक बिंदू तिच्यात किती पसरट दिसतो ते) त्याच निरीक्षणातल्या ताऱ्यांवरून बनवा, कारण ते चुकले तर पुढे सगळेच चुकते.

प्रारूप बसले की मागच्या पिंडाचे न वाकलेले चित्र मिळते, आणि इथे भिंग दुर्बिणीसारखे कामी येते. भिंग पृष्ठतेज, म्हणजे दर क्षेत्रफळामागचे तेज, बदलत नाही, फक्त आकार वाढवते. प्रकाश जास्त मिळतो तो त्या वाढलेल्या आकारामुळे. ‘अल्मा’ रेडिओ दुर्बिणींनी २०१४मध्ये एसडीपी.८१ या भिंगाचे वलय टिपले तेव्हा सर्वांत बारीक तपशील २३ मिलीविकलांचा होता. त्यावर भिंगाचे विवर्धन मिळाल्यामुळे ३च्या ताम्रसृतीवरच्या धुळकट दीर्घिकेतले तारे जन्माला येणारे पुंजकेही वेगळे ओळखता आले.

उरलेल्या फरकाचे चित्र, म्हणजे निरीक्षण वजा प्रारूप, नेहमी नीट न्याहाळा. त्यात पट्टे किंवा डाग दिसले तर आकडे कितीही सुबक असोत, प्रारूप अपुरे आहे.

पायरी ७: उशिरा पोहोचणारा प्रकाश

स्रोत क्वेसार किंवा सुपरनोव्हा असेल तर त्याचे तेज बदलते, आणि तो बदल प्रत्येक प्रतिमेत वेगळ्या दिवशी दिसतो. वाटांची लांबी वेगळी असते आणि गुरुत्वाच्या खाईतून जाताना होणारा उशीरही वेगळा असतो. या फरकावरून हबल स्थिरांक काढता येईल, हे स्यूर रेफ्सडाल यांनी १९६४मध्ये, म्हणजे पहिले भिंग सापडण्याच्या पंधरा वर्षे आधी दाखवले.

आपले उदाहरण पुढे नेऊ. स्रोत क्वेसार आहे आणि दोन प्रतिमा केंद्रापासून १.८ आणि ०.६ विकलांवर आहेत असे माना. पायरी ४मधल्या प्रारूपानुसार बाहेरची प्रतिमा आतलीच्या तिप्पट तेजस्वी असेल आणि सुमारे ५२ दिवस आधी बातमी देईल. निरीक्षणात ५०च दिवस आले, तर त्याच प्रमाणात हबल स्थिरांक वाढून ७०चा ७३च्या आसपास जातो. दोन दिवसांच्या चुकीवर केवढा डोलारा उभा आहे ते पाहा. म्हणून निरीक्षणे शक्यतो रोज आणि अनेक ऋतू घ्यावी लागतात.

ती न घेतल्यास काय होते, हे १९७९च्या त्याच जुळ्या क्वेसारने शिकवले. त्याचा उशीर ४१५ दिवसांच्या आसपास की ५३६, यावर कित्येक वर्षे वाद रंगला. डिसेंबर १९९४मध्ये आधी बातमी देणाऱ्या प्रतिमेचे तेज एकाएकी उतरले. उशीर कमी असेल तर दुसरी प्रतिमा फेब्रुवारी १९९६मध्ये उतरायला हवी होती, आणि ती तेव्हाच उतरली. उत्तर ४१७ दिवसांवर स्थिरावले.

पण सर्वांत अवघड अडचण कॅलेंडरात नाही. भिंगावर सर्वत्र सारख्या घनतेचा वस्तुमानाचा पडदा टाका आणि मूळ वस्तुमान त्या प्रमाणात कमी करा. प्रतिमांच्या जागा आणि तेजांची गुणोत्तरे जशीच्या तशी राहतात, उशीर मात्र बदलतो. म्हणजे एकट्या चित्रावरून हबल स्थिरांक निश्चित होऊच शकत नाही. सहा भिंगांवरून होलीकाऊ गटाने ७३.३ हे उत्तर सुमारे अडीच टक्के अनिश्चिततेने दिले, ते घनतेच्या ठराविक प्रारूपांवर विसंबून. २०२०मध्ये टीडीकॉस्मो गटाने ते गृहीतक सैल केले तेव्हा उत्तर ७४.५ आले, पण अनिश्चितता ६ एककांच्या, म्हणजे सुमारे ८ टक्क्यांच्या घरात गेली. स्लॅक्सच्या भिंगांची माहिती जोडल्यावर ते ६७.४ झाले, अधिक ४.१ वा उणे ३.२. विश्वाच्या आरंभीच्या प्रकाशावरून काढलेले प्लँक उपग्रहाचे उत्तरही ६७.४ आहे, पण एवढ्या अनिश्चिततेत त्यावरून ६७ की ७३ या वादात कोणाचीही बाजू घेता येत नाही. अनिश्चितता वाढवून घेण्याचा तो प्रामाणिकपणा मला या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे काम वाटते. पडद्याचा प्रश्न सोडवायला भिंगातल्या ताऱ्यांचे वेग केंद्रापासून वेगवेगळ्या अंतरांवर मोजावे लागतात.

पायरी ८: न दिसणारे गोळे

चार प्रतिमांपैकी दोन अगदी जवळजवळ असतील, तर गुळगुळीत भिंगात त्यांचे तेज सारखे हवे. तसे नसेल तर वाटेत काहीतरी आहे: कदाचित भिंगातले तारे, कदाचित कृष्णपदार्थाचा छोटा गोळा. दोघांत फरक करण्याची युक्ती स्रोताच्या आकारात आहे. तारे फक्त अतिशय लहान स्रोताला, म्हणजे क्वेसारच्या दृश्य प्रकाशाच्या गाभ्याला छळतात. रेडिओ उत्सर्जनाचा भाग मोठा असल्याने त्यावर ताऱ्यांचा परिणाम होत नाही. तेव्हा तेजांची गुणोत्तरे रेडिओत मोजा; तिथेही बिघाड टिकला तर गोळ्याचा संशय बळावतो. पसरट चापेतही तिचा एखादा तुकडा हलकासा सरकलेला दिसून गोळा सापडतो. जेव्हीएएस बी१९३८+६६६ या भिंगात २०१२मध्ये अशीच सुमारे १९ कोटी सूर्यांएवढी, स्वतःचा प्रकाश न दिसलेली उपग्रह-दीर्घिका मिळाली.

चापच नसेल तर

बहुतेक दीर्घिकांमागे नेमका स्रोत नसतो. तरी त्या मागच्या दीर्घिकांचे आकार १ टक्क्याहून कमी ताणतात. एकेका दीर्घिकेचा मूळ लांबटपणा ०.३च्या आसपास असल्याने एकटीवरून काहीच कळत नाही, सरासरीच घ्यावी लागते. ०.००५ एवढा ताण अनिश्चिततेच्या दहापट ठरेल इतक्या खात्रीने मोजायचा तर भिंग आणि स्रोत यांच्या सुमारे ३ लाख ६० हजार जोड्या लागतात. ब्रेनर्ड, ब्लँडफर्ड आणि स्मेल यांनी १९९६मध्ये हा ताण पहिल्यांदा टिपला. वलयाच्या कितीतरी पलीकडे पसरलेला कृष्णपदार्थाचा घेर मोजायला हाच मार्ग आहे. मात्र येणारे उत्तर एका दीर्घिकेचे नसून त्या जातीच्या सरासरी दीर्घिकेचे असते.

सराव कुठून सुरू करावा

स्लॅक्सचे एखादे भिंग घ्या. दोन्ही ताम्रसृती आणि ताऱ्यांचा वेग प्रसिद्ध आहेत, हबलची चित्रे संग्रहात खुली आहेत. पायरी ३ आणि ४ कागदावर करा, मग प्रणालीकडे वळा आणि तिचे उत्तर कागदावरच्या उत्तराशी ताडा. हे जमले की एसडीएसएसजे०९४६+१००६ घ्या. या भिंगामागे वेगवेगळ्या अंतरांवर दोन स्रोत आहेत आणि त्यांची दोन वलये सुमारे १.४ आणि २.१ विकला त्रिज्यांची आहेत. भिंगाचे वस्तुमान दोघांना समान असल्याने वलयांच्या गुणोत्तरातून अंतरांचे गुणोत्तर मिळते, तेही हबल स्थिरांकाची गरज न पडता. एक अडचण ध्यानात ठेवा: आतल्या वलयाचा स्रोत स्वतःही जड आहे, त्यामुळे मागच्या प्रकाशासाठी तोही एक भिंग होतो. त्याचे वस्तुमान प्रारूपात घातले नाही तर बाहेरचे वलय जागेवर बसणार नाही.